साडेसात हजारांचा किट आणि रोजचा दोन किलो लसूण

बिल अजून फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे. ७,४९९ रुपये, तीन महिन्यांचा किट, 'पोट आणि त्वचा, दोन्हींवर आतून उपाय'. मे महिन्यात ठाण्यात गोखले रोडच्या एका आडगल्लीतल्या वेलनेसच्या दुकानातून घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. मला पाचपाखाडीत पोळी-भाजी केंद्र चालवायचं आहे, रोज साडेतीनशे पोळ्या आणि शंभरेक डबे असतात, नोटिशींना उत्तरं द्यायला वेळ नाही. पण असे किट आता गल्लोगल्ली मिळतात, साधारण सगळ्यांत हाच माल असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

हिशेब केला तर दिवसाला ८३ रुपये पडले. माझ्याकडे पोळी १० रुपयांना आहे. म्हणजे तीन महिने मी रोज आठ पोळ्या त्या दुकानाला फुकट लाटून दिल्या.

तक्रार दोन गोष्टींची होती. पहिली हाताची. डाव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं गेली दोन वर्षं कोरडी, जाड, मधून चिरलेली. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. उजवा हात मात्र स्वच्छ. ही डाव्या-उजव्याची गोष्ट लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवली नव्हती. दुसरी तक्रार पोटाची. दुपारी चारच्या ठोक्याला पोट ढोलकीसारखं फुगायचं, एखाद्या दिवशी तीनदा जावं लागायचं, मग दोन दिवस काहीच नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्याच्या कामातली जुनी कुरबुर, म्हणून सांगितलं होतं आणि काळजीचं कारण नाही म्हणाले होते. काळजी नव्हतीच, वैताग होता.

'पोट साफ तर कातडी साफ' हे आजीपासून ऐकत आलेलं. त्यामुळे लेकीने मोबाइलवर ती जाहिरात दाखवली तेव्हा मी निम्मी विकत घेऊनच बसले होते.

दुकान छान आहे, त्यात खोट काढणार नाही. थंडगार एसी, वाळ्याचा वास, बसायला वेताच्या खुर्च्या, तांब्याच्या पेल्यातून पाणी. पांढरा एप्रन घातलेली मुलगी होती, डॉक्टर नव्हे, 'वेलनेस कोच'. आधी मॅडम म्हणाली, दहा मिनिटांत काकू म्हणायला लागली, आणि मला ते आवडलंसुद्धा. तिने टॅबवर बावीस प्रश्न विचारले. झोप किती, चहा किती, जिभेवर पांढरा थर येतो का, मन उदास असतं का. शेवटी आकडा आला: गट स्कोर (इंग्रजीतलं गट, म्हणजे आतडं) ३८. शंभरापैकी. शाळेत असताना मला गणितात एवढे कमी पडले नव्हते. पुढच्या आठवड्यात माझी जाऊ गेली, जी जत्रेतले दगडसुद्धा पचवेल, तिचा ४१ आला. पन्नासच्या वर गेलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे.

त्या बावीस प्रश्नांत एक प्रश्न नव्हता. तुम्ही दिवसभर काम काय करता?

आता किटमध्ये काय होतं ते. एक, प्रोबायोटिक कॅप्सूल, रोज एक. दोन, त्वचेसाठी स्ट्रॉबेरी चवीच्या गमी, रोज दोन. तीन, 'प्रीबायोटिक फायबर'ची, म्हणजे पोटातल्या जीवाणूंच्या खाद्याची पुडी, रात्री पाण्यातून. वर भेट म्हणून गुळवेल-हळदीच्या गोळ्यांची बाटली.

कॅप्सूलवर मोठ्या अक्षरांत ५० अब्ज लिहिलेलं. आठ प्रकारचे जीवाणू. प्रोबायोटिकची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली, तिचा अर्थ साधा आहे: पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला जिवंत हा शब्द महत्त्वाचा. बाटलीवर बारीक अक्षरांत होतं की २५ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा. आणि दुकानात या बाटल्यांची उतरंड कुठे, तर रस्त्याकडच्या काचेत, दुपारच्या उन्हात. ठाण्यातला मे महिना! रात्री दुकान बंद झालं की एसीही बंद. हा ५० अब्जांचा आकडा कारखान्यातून निघतानाचा की मुदत संपण्याच्या दिवसाचा, असं मी विचारलं. मुलगी गोड हसली. बाटलीवर पाहिलं तर 'उत्पादनाच्या वेळी' असं होतं. म्हणजे निघाले किती ते लिहिलंय, पोचले किती ते देवाला ठाऊक. काही जीवाणू बीजाणूंच्या रूपात असतात, बॅसिलस जातीचे, ते उन्हातान्हात टिकतात. माझ्या बाटलीतले आठही लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो कुळातले, म्हणजे उष्णता आणि दमटपणा सोसायला नाजूक.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' असं नाव पुरेसं नसतं, त्यापुढे वाणाची खूण लागते. त्यातला जीजी नावाचा वाण प्रसिद्ध आहे, तो शोधणाऱ्या गोरबाख आणि गोल्डिन या दोघांच्या आडनावांची ती अक्षरं. अभ्यास होतात ते त्या त्या वाणावर. हे मला चटकन पटलं, कारण गहू म्हणजे गहू नव्हे. लोकवनची पोळी वेगळी, सिहोरची वेगळी, खपलीची तर बातच निराळी. गिऱ्हाइकाला मी 'गव्हाची पोळी' म्हणून काहीही दिलं तर चार दिवसांत ओरड होईल. माझ्या बाटलीवर आठ नावं होती आणि वाणाची खूण एकाही नावापुढे नव्हती.

परिणाम? दोन महिने नेमाने घेतली, फरक शून्य. लेकीने मग शोधाशोध केली, जी आधी करायला हवी होती. कोक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरातले अभ्यास एकत्र चाळून निष्कर्ष काढते. तिने २०१८ मध्ये एक्झिमावर, म्हणजे कातडी कोरडी आणि खाजरी होण्याच्या आजारावर, प्रोबायोटिक देऊन पाहिलेल्या ३९ चाचण्या तपासल्या, सुमारे २,६०० रुग्णांच्या. लक्षणांत फारसा फरक पडत नाही, असं निघालं. आयबीएसबद्दल अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चाचणीतच द्यावं, एरवी शिफारस करण्याइतका पुरावा नाही. एवढं सगळं आधीपासून जगजाहीर, आणि मी तांब्याच्या पेल्यातून पाणी पीत बसले होते.

प्रोबायोटिक म्हणजे सगळीच थाप, असं मात्र म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये दाढ सुजली, दातांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मागच्या वेळी त्याने जुलाब लागून मी दोन दिवस केंद्र बंद ठेवलं होतं. या वेळी फॅमिली डॉक्टरांनी सोबत सॅकरोमायसिस बुलार्डीच्या पुड्या दिल्या. हा जीवाणू नाही, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक त्याला मारत नाही. आंरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना पाहिले आणि त्यातून हे यीस्ट वेगळं काढलं. या वेळी जुलाब झाले नाहीत. एकदाच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण इथे निदान कशासाठी, किती दिवस, कोणतं, हे ठरलेलं होतं. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना हे चालत नाही, असंही डॉक्टरांनी बजावलं. दुकानातल्या बावीस प्रश्नांत तेही नव्हतं.

आता गमी. माझ्या मते किटमधली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच, आणि चवीला सगळ्यात चांगली. दोन गमींत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन, हे एक जीवनसत्त्व. शरीराची रोजची गरज तीसेक मायक्रोग्रॅमची, ती जेवणातून भागते. म्हणजे तीनशेपटीहून जास्त. जास्तीचं लघवीतून निघून जातं, म्हणून मुलगी म्हणाली, 'काकू, नुकसान काहीच नाही.'

मला थायरॉइड आहे, हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते तो प्रकार, बारा वर्षं गोळी चालू. जुलैत नेहमीची तपासणी केली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा रक्तातला आकडा, नेहमी अडीच-तीनच्या घरात असतो, तो आला ०.०५. त्याचा अर्थ गोळी फार जास्त होतेय. डॉक्टर गोळी ७५ मायक्रोग्रॅमवरून ५० वर आणायच्या विचारात. पण मला ना धडधड, ना घाम, ना वजन कमी झालेलं. वजनाच्या बाबतीत तर माझं नशीब तेवढं चांगलं कधीच नव्हतं. लॅबच्या डॉक्टर बाईंना आकडा खटकला, त्यांनी स्वतः फोन केला. 'केसांसाठी, त्वचेसाठी काही घेता का हो?' रक्ताच्या कित्येक चाचण्यांच्या रसायनातच बायोटिनचा वापर असतो. रक्तात तेच भरमसाठ फिरत असेल तर यंत्र फसतं, टीएसएच खोटा कमी दाखवतं. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही अशी गफलत होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मी आठवडाभर गमी बंद करून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.६.

गोळी कमी केली असती तर? थायरॉइड कमी पडला की कातडी आणखी कोरडी पडते. म्हणजे त्वचेच्या गमी खाऊन त्वचा बिघडवून घेतली असती, वर दुसरा किट घेतला असता. हे मी दुकानात जाऊन सांगितलं. मुलीने मनापासून ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. बाटलीच्या मागे पाहिलं तर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं होतंच. पुढे 'त्वचेवर आतून उपाय', मागे 'औषधी वापरासाठी नाही'. कायद्याने ते छापावंच लागतं, पण ते वाचायला मला जाऊचा चष्मा मागून घ्यावा लागला.

भेट मिळालेली गुळवेलीची बाटली मी उघडलीच नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी म्हटलं. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. डॉक्टर म्हणाले, तुमचा थायरॉइडच प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे बिघडलेला, तिला आणखी डिवचणारं काही कशाला घेता? पटलं.

तिसरी पुडी, फायबरची. एका पुडीत ५ ग्रॅम इन्युलिन. ही घेतल्यापासून पोट चारच्या जोडीला रात्री अकरालाही फुगायला लागलं. नवरा म्हणाला, आता वाजव. मुलगी म्हणाली, 'सुरुवातीला असं होतं काकू, वाईट जीवाणू मरतायत.' हे वाक्य फार सोयीचं आहे. बरं वाटलं तरी किटमुळे, वाईट वाटलं तरी किट काम करतंय.

सप्टेंबरात शेवटी नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी विचारलं, 'काम काय करता?' सांगितलं. 'लसूण कोण सोलतं?' मी. रोज दोन किलो. माझ्याकडची लसणाची चटणी डब्यांपेक्षा जास्त खपते, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणीच येते. 'पाकळी कोणत्या हातात धरता, दाखवा.' मी डावा हात पुढे केला. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. उजव्यात सुरी. त्या नुसत्या हसल्या. मला मात्र दोन वर्षं आणि ७,४९९ रुपये एकदम डोळ्यांसमोर आले.

खात्री करायला पॅच टेस्ट करायची ठरली. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या चौकोनी पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून पाहतात, ९६ तासांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात चार तव्यांसमोर उभ्या असलेल्या बाईला घाम येऊ द्यायचा नाही! म्हणून डिसेंबरपर्यंत थांबलो. चार दिवस केंद्र मदतनीस बाईंनी सांभाळलं, मी गल्ल्यावर बसून सगळ्यांना सूचना देत होते, त्याने सगळेच कंटाळले. निकाल स्पष्ट आला: लसणातल्या डायअलिल डायसल्फाइडची ॲलर्जी. स्वयंपाक करणाऱ्यांत हे नेहमीचं आहे म्हणे. त्यात भांडी घासायचं लिक्विड आणि दिवसभर ओले हात, म्हणजे कातडीचा उरलासुरला तेलकटपणाही धुऊन जातो. हातमोजे घालू का विचारलं, तर हे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं. उपाय एकच, लसणाला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम ठरलेले दिवस, आणि हात धुतले की दर वेळी साधी पेट्रोलियम जेली.

पोटाची गंमत पुढेच आहे. पोटाच्या डॉक्टरांनी जेवणाची वही ठेवायला लावली आणि फॉडमॅप, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि आंबून वायू करणारी कर्बोदकं, कमी करायचा आहार दिला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तो तयार झाला. तीन आठवडे काही पदार्थ बंद, मग एकेक परत आणून पाहायचं. मला गव्हाची भीती होती. पोळ्या विकणाऱ्या बाईला पोळी बाधली तर लोक काय म्हणतील! पण दोन पोळ्या बिनतक्रार पचल्या. दूधही पचलं. एका मंगळवारी दीड वाजता सवयीप्रमाणे पोळीबरोबर दोन चमचे लसणाची चटणी खाल्ली, आणि चार वाजता ढोलकी. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा ढोलकी.

लसणात फ्रुक्टॅन असतात. ते लहान आतड्यात पचत नाहीत, तसेच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. आणि किटमधलं इन्युलिन? तेही फ्रुक्टॅनच. दुपारी लसूण, रात्री त्याच्याच भावकीतली पुडी. आगीत तेल ओतायला मी रोज ८३ रुपये मोजत होते.

म्हणजे पोट आणि त्वचा यांचा माझ्या बाबतीत एकमेकांशी संबंध नव्हता. दोघांची ओळख लसणामार्फत, तीही वेगवेगळ्या दारांनी. असे संबंध खरोखरचेही असतात. सिलिॲक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं आणि काहींना खाजरं पुरळही येतं. पण ते तपासून ठरवतात, टॅबवर नाही.

आता काय घेते? रात्री एक चमचा इसबगोल, मोठा पेला पाण्यातून, भिजून घट्ट व्हायच्या आत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, दोन्हींत भरपूर अंतर ठेवून. इसबगोल आणि इन्युलिन दोन्ही फायबरच, पण इसबगोल आतड्यात फारसं आंबत नाही, पाणी धरून ठेवतं, म्हणून वायू कमी. आयबीएससाठी विरघळणारं फायबर म्हणून तज्ज्ञही हेच सुचवतात. जांभळी नाक्यावरून आणलेला डबा दोन महिने पुरतो आणि किटच्या एका आठवड्याच्या पैशांपेक्षाही कितीतरी स्वस्त पडतो. ताक पिते, कारण मला ताक आवडतं. त्यात कोणते जीवाणू किती, हे कोणी मोजलेलं नाही, आणि कढी केली की तेही उकळून मरतात.

लसणाची चव सोडवत नाही, त्याची एक युक्ती मिळाली. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून माझ्यापुरत्या फोडणीत अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या, लाल झाल्या की उचलून टाकायच्या, मगच भाजी घालायची. पाकळ्या राहू दिल्या आणि रस्सा धरला की ते पाण्यात उतरलंच. केंद्रासाठी लसूण सोलायचं छोटं मशीन घेतलं. किटच्या पैशांत निम्मं मशीन आलं असतं, हे नवरा दर महिन्याला एकदा तरी आठवण करून देतो.

दुकानाच्या सेवेबद्दल: तिसऱ्या महिन्याचा डबा सीलबंद होता, तो परत घ्या म्हटलं. 'किट फोडला की परत घेत नाही, पण तेवढ्याच किमतीचं दुसरं काही घ्या.' दुसरं म्हणजे झोपेच्या गमी. नको म्हटलं. मुलगी शेवटपर्यंत सभ्य होती, तिला मी पाचपैकी पाच देईन, आणि शक्य असतं तर दुसरी नोकरी. एसी आणि खुर्च्यांना चार. पार्किंग नाही. किटला एक, तोही बाटल्यांसाठी. जाड काचेच्या आहेत, झाकण घट्ट. गमीच्या बाटलीत आता हिंग ठेवते, पावसाळाभर गुठळी झाली नाही.

परवा दुकानाचा मेसेज आला: काकू, तुमचा गट स्कोर पुन्हा तपासायची वेळ झाली आहे, या आठवड्यात मोफत. जाऊला पुढे पाठवला. तिला तांब्याच्या पेल्यातलं पाणी आवडतं.